पावसाळ्यात हेडफोनचा एकच कान का जातो, आणि तो परत कसा आणायचा

जून लागला की मालवणातल्या माझ्या रिपेअरिंगच्या काउंटरवर एकाच तक्रारीचे नग येऊ लागतात. "ओ, उजवो कान बंद पडलो, बघा जरा." कधी उजवा, कधी डावा. आवाज आधी दबतो, मग जातो, कपाटात पडून राहिला की परत येतो आणि वापरायला काढला की पुन्हा गुल. गणपतीला मुंबईहून आलेल्यांचीही तीच रड. तिकडे बरा चाललेला ईअरबड गावी आल्यावर कुरकुरायला लागतो. माणूस काउंटरपर्यंत पोचतो तेव्हा त्याच्या मनात निकाल लागलेला असतो: स्पीकर उडाला, नवीन घ्यायचा.

खरोखर स्पीकर उडालेले नग थोडे. बाकीच्यांत मीठ, मळ आणि ओल यांचा घोटाळा असतो आणि त्यातला बराचसा घरच्या घरी निस्तरता येतो. क्रम मात्र पाळायला हवा. ओला बड चार्जिंगला लावणं, हेअर ड्रायर मारणं, जाळीत टाचणी घालणं ही कामं आधी झाली की वाचण्यासारखा हेडफोनही हातचा जातो.

आधी हेडफोनवर संशय घेऊ नका

पहिली तपासणी फोनची. अँड्रॉइड असो वा आयफोन, सेटिंगमधल्या अॅक्सेसिबिलिटीत आवाजाचा डावा-उजवा तोल ठरवणारी एक पट्टी असते. घरातल्या पोराचं बोट लागून ती एका बाजूला सरकलेली असते आणि माणूस दोन हेडफोन बदलून तिसरा घ्यायला निघालेला असतो. पट्टी मधोमध आणा. तिथेच 'मोनो' नावाचं बटण असतं, तेही बंद आहे ना बघा. मोनो चालू असेल तर दोन्ही कानांत एकच मिश्रण येतं आणि डावं-उजवं तपासताच येत नाही.

मग तोच हेडफोन दुसऱ्या फोनला लावा. दोष तसाच राहिला तर ईअरबडसाठी एक सोपी युक्ती आहे, अदलाबदलीची. उजवा बड डाव्या कानाशी धरा, डावा उजव्या. नीट बसणार नाही, पण क्षणभर धरून ऐकण्यापुरतं जमतं. कमी आवाज बडबरोबर दुसऱ्या कानात गेला तर दोष बडचा. तो त्याच कानात राहिला तर दोष कानाचा, आणि मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही.

हे गंमत म्हणून सांगत नाही. कानात मळ दाटला की त्या बाजूचा आवाज असाच दबतो. शिवाय दमट हवेत कानात बुरशी धरण्याचा त्रास होतो. दिवसभर रबरी टिप खुपसून ठेवली की आतली ओल बाहेर पडायला वाव राहत नाही. कान खाजत असेल, पाणी येत असेल, दडे बसल्यासारखं वाटत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. काडेपेटीची काडी आणि केसांची पिन या दोन्ही गोष्टी कानापासून लांब ठेवा.

आणखी एक. एक बाजू दबली की लोक आवाज वाढवतात. बुजलेली बाजू त्याने फारशी सुधारत नाही, चांगल्या बाजूला मात्र मार बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सुरक्षित ऐकण्याची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत अशी दिली आहे आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८६ डेसिबलला आठवड्याचे १० तासच उरतात. ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी बसून गाणी ऐकणाऱ्या खलाशांना हे मी नेहमी सांगतो. ते हसतात, पण सांगतो. तेव्हा दोष निस्तरेपर्यंत आवाज आहे तिथेच ठेवा.

आवाज नक्की कसा बिघडलाय?

'आवाज येत नाही' एवढ्यावरून काही कळत नाही. कसा येत नाही यावरून निम्मं निदान होतं.

आवाज येतो पण दबका, उशी तोंडावर धरून कुणी बोलावं तसा, आणि झांजेचा खणखणाट हरवलेला: जाळी बुजली आहे. ईअरबडच्या नळीच्या तोंडावर धातूची किंवा कापडाची बारीक जाळी असते. तिच्यात कानातला मळ अडकतो आणि पावसाळ्यात तो मळ ओल धरून फुगतो. कपाटात ठेवल्यावर आवाज परत येतो आणि कानात घातल्यावर पुन्हा जातो, त्याचं कारण हेच. कानाच्या उबेने आणि घामाने जाळी परत ओली होते. माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यांत जास्त नग हेच.

वायरच्या हेडफोनमध्ये वाद्यं ऐकू येतात पण गाणारा गायब, किंवा लांब बोगद्यात उभा राहून गातोय असा: ग्राउंड, म्हणजे दोन्ही स्पीकरची मिळून असलेली परतीची तार, सुटला आहे. गाण्यात गायकाचा आवाज सहसा डाव्या-उजव्या दोन्ही वाहिन्यांत सारखा भरलेला असतो. सामायिक ग्राउंड तुटला की दोन्ही स्पीकर एकमेकांना जोडल्यासारखे होतात आणि दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं कापलं जातं, उरतो तो फक्त फरक. लोकांना वाटतं गाणंच खराब डाउनलोड झालं. बहुतेक वेळा जॅक पूर्ण आत गेलेला नसतो, कारण फोनच्या भोकात खिशातला कापसाचा किस दाबून बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो हलक्या हाताने उकरून काढा. धातूची सुई नको.

वायर हलवली की खर्रर्र आवाज, विशिष्ट कोनात धरली की बरोबर: वायर आत तुटली आहे आणि ती शंभरात नव्वद वेळा जॅकच्या बुडाशी किंवा बडच्या बुडाशी तुटते, मध्ये नाही. जॅकजवळची दोन बोटं वायर दाबत, वाकवत जा, जागा सापडते. मल्टिमीटर असेल तर ओहमच्या रेंजवर एक टोक जॅकच्या अगदी टोकाला आणि दुसरं ग्राउंडच्या कड्याला लावा. डाव्या कानात बारीक 'टक' वाजायला हवं आणि आकडा साधारण १६ किंवा ३२ ओहमच्या आसपास दिसायला हवा. टोकानंतरच्या कड्याला लावलं तर उजव्या कानात. आजच्या माइकवाल्या जॅकवर टोकापासून क्रम डावा, उजवा, ग्राउंड, माइक असा असतो. 'टक' वाजलं म्हणजे स्पीकर जिवंत आहे आणि काम फक्त नवीन जॅक लावण्याचं आहे. घरी सोल्डरिंग करणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. आतल्या बारीक तारांवर रंगीत वार्निशचा थर असतो. तो गरम सोल्डरने जाळल्याशिवाय टाका धरत नाही. 'जोडलं तरी वाजत नाही' म्हणून येणारे बहुतेक इथेच अडकलेले असतात.

बास अचानक गेला, बाकी सगळं ठीक: स्पीकर नव्हे, फट. ईअरबडची टिप एका बाजूची लहान पडली असेल, ओव्हरइअरचं, म्हणजे अख्खा कान झाकणाऱ्या हेडफोनचं, पॅड चेपलं असेल किंवा चष्म्याच्या काडीने फट पडली असेल. बोटाने कप कानावर दाबून बघा. बास परत आला तर पैसे खर्च करायचे ते पॅडवर किंवा टिपांवर.

ठरावीक खर्जाला घर्रघर्र: ओव्हरइअर असेल तर पॅड काढून आत बघा. डोक्याचा एखादा केस जाळीतून आत जाऊन पडद्याला टेकलेला असतो. चिमट्याने ओढून काढला की संपलं.

नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा गोंगाट कापायची सोय) चालू केलं की शिट्टी किंवा वाऱ्यासारखी फरफर: बाहेरच्या माइकच्या भोकात पाणी किंवा मळ आहे. तोवर ते बंद ठेवून वापरा, सुकलं की थांबतं.

एक बड साफ मेलेला, दिवाही लागत नाही: चार्जिंगच्या पिना. आणि इथून खरा विषय सुरू होतो.

मीठ सुकत नाही

"काका, पावसात भिजवलाच नाही हो" असं सगळेच सांगतात, आणि खरं सांगतात. इथे हेडफोन पावसाच्या पाण्याने कमी जातात, मिठाने जास्त. मीठ दोन वाटांनी येतं, घामातून आणि समुद्रावरच्या वाऱ्यातून. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर संध्याकाळी फेरी मारून आल्यावर चष्म्याच्या काचेवर जो चिकट थर बसतो, तोच बडवरही बसतो. बडवर तो दिसत नाही एवढंच.

पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच पिनांवर होतं. शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराईड, हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं आणि त्याला ३३ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. जुलै-ऑगस्टात आपल्या किनाऱ्यावर आर्द्रता ७५ च्या खाली क्वचितच उतरते. म्हणजे बडवर मिठाचा थर असेल तर तुम्ही तो कितीही पुसा, पंख्याखाली ठेवा, तो तासाभरात परत ओला होणार. कोरड्या फडक्याने पुसल्यावर पाणी जातं, मीठ तिथेच राहतं आणि नवं पाणी बोलावतं.

आता हा ओला खारट बड केसमध्ये, म्हणजे चार्जिंगच्या डबीत, ठेवून झाकण लावलं की काय होतं? केसमधल्या पिनांवर चार्जिंगच्या विजेचा दाब येतो. दोन पिनांच्या मध्ये खाऱ्या पाण्याचा थर आहे, म्हणजे वीज वाहायला वाट मिळाली. पिनेवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. तो जिथे झिजला असेल तिथून खालचं तांबं विरघळायला लागतं. भिंग घेऊन बघाल तर एकच पिन हिरवी-काळी पडलेली दिसते, शेजारची बऱ्यापैकी चकचकीत. खाल्ली गेलेली ती बहुधा धन टोकाची, कारण विजेच्या जोरावर धातू विरघळतो तो त्या टोकाला. सावंतवाडी-आंबोलीकडे पाऊस आमच्यापेक्षा जास्त, पण तिकडून येणाऱ्या बडांच्या पिना इतक्या खाल्लेल्या नसतात. देवगड, मालवण, वेंगुर्ला या किनारपट्टीचे नग वेगळे ओळखू येतात.

"पण बॉक्सवर वॉटरप्रूफ लिहिलंय ना?" लिहिलेलं असतं ते आयपी रेटिंग, म्हणजे वस्तू पाणी-धूळ किती अडवते त्याची श्रेणी, आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे. आयपीएक्स४ म्हणजे कुठल्याही बाजूने उडालेले शिंतोडे. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ही चाचणी गोड्या पाण्यात आणि नव्या नगावर होते. समुद्राचं पाणी, घाम, साबण यांचा त्यात हिशोब नाही. आणि आयपीएक्स७ मिळालं म्हणून नळाच्या जोरदार धारेला टिकेल असं नाही, धारेची चाचणी वेगळी असते. सगळ्यांत मोठी पाचर पुढेच आहे: रेटिंग पुष्कळदा फक्त बडला असतं, केसला नाही. घामेजलेला आयपीएक्स७ बड तुम्ही रेटिंग नसलेल्या केसमध्ये बंद करता. ओल आत कोंडते, केस मरते आणि केस मेली की चांगला बडही निकामी, कारण चार्ज कुठे करणार? वॉरंटीच्या बारीक छापात पाण्याचं नुकसान पुष्कळदा वगळलेलं असतं, तेही घेतानाच वाचा.

आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या

ऐकायला उलटं वाटतं, पण इलाज हाच. मीठ घालवायचं तर ते गोड्या पाण्यात विरघळवूनच काढावं लागतं.

टिपा काढा आणि त्या वेगळ्या, साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. बड बंद असू दे. स्वच्छ मऊ फडका (चष्मा पुसायचा उत्तम) पिण्याच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा, थेंब पडता कामा नये. त्याने बडचं सगळं अंग, पिनांसकट, पुसून घ्या. जाळीवर फडका दाबायचा नाही. मग कोरड्या फडक्याने. मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना. ते केमिस्टकडे मिळतं. ९९ टक्क्यांचं मिळालं तर तेच घ्या, ७० टक्क्यांच्यात पाणी बरंच असतं. केसमधल्या पिनांनाही तेच, पण काडी पिळून घ्या. केसमध्ये द्रव ओतायचा नाही. सेंट, सॅनिटायझरचं जेल, पेट्रोल यातलं काही वापरू नका. जेलमधला चिकट भाग मागे राहतो आणि धूळ धरतो.

हिरवं धरलेलं असेल तर ते अल्कोहोलने निघत नाही. पेन्सिल खोडायचं मऊ रबर टोकदार कापून पिनेवर दोन-चार वेळा फिरवा आणि चुरा झटकून टाका. सँडपेपर लावलात तर उरलेला मुलामाही जाईल आणि पुढच्या पावसाळ्यात ती पिन राहणार नाही.

जाळीसाठी बड असा धरा की जाळी जमिनीकडे तोंड करून असेल. लहान मुलाच्या कोऱ्या, कोरड्या टूथब्रशने खालून हलके झटके द्या, म्हणजे मळ खाली पडतो, आत जात नाही. चिकट मळ असेल तर भिंतीवर कागद चिकटवायची पुटी मिळते, तिचा गोळा जाळीवर टेकवून झटकन उचला. मळ पुटीला येतो. टाचणीने जाळी फाटते किंवा आत ढकलली जाते आणि तिच्यामागे लगेच स्पीकरचा पडदा असतो. टाचणी लावलेले बड मी दुरुस्तीला घेतच नाही. त्यात भांडणाशिवाय काही मिळत नाही.

मग सुकवणं. तांदळाच्या डब्यात ठेवायची पद्धत मोबाईलपासून आली आणि जात नाही. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, पीठ मात्र भोकांत जातं. त्यापेक्षा सिलिका जेल घ्या. कॅमेऱ्याच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. नारिंगी रंगाचं, ओल धरली की हिरवं होणारं बघा. निळ्यातून गुलाबी होणाऱ्या जुन्या प्रकारात कोबाल्ट क्लोराईड असतं, ते पोरंबाळं असलेल्या घरात नको. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन मुठी जेल कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा आणि बड रात्रभर त्यात, केसच्या बाहेर. रंग बदलला की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवलं की परत कामाला येतं. दहा रुपयांच्या पुडीने पावसाळा निघेल असं समजू नका, बुटाच्या खोक्यातली ती छोटी पुडी आपल्याकडच्या हवेत चटकन भरून जाते.

चुलीच्या वैलाजवळ, सेट-टॉप बॉक्सवर, गाडीच्या डॅशबोर्डवर सुकवणं टाळा. आत लिथियमची बॅटरी आहे, तिला उष्णता सोसत नाही.

पूर्ण सुकल्यावरच केसमध्ये ठेवा आणि चार्ज करा. एका बाजूचा दिवा तरीही लागत नसेल तर फोनच्या ब्लूटूथ यादीतून हेडफोन विसरायला लावा, दोन्ही बड केसमध्ये ठेवून माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे रीसेट करा आणि नव्याने जोडा. पुष्कळदा बॅटरी बरोबर असते, दोन बडांचा एकमेकांशी मेळ तुटलेला असतो.

एवढं सगळं दर आठवड्याला करायची गरज नाही. रोज फक्त एक सवय लावा: कानातून काढल्यावर लगेच केसमध्ये टाकू नका. पिळलेल्या ओल्या फडक्याने एकदा, कोरड्याने एकदा, मग अर्धा तास डब्यात. किनाऱ्यावर किंवा होडीवर नेला असेल त्या दिवशी तर चुकवूच नका.

पॅडची साल निघते त्याचं काय

ओव्हरइअरवाल्यांचं दुखणं वेगळं. दोन पावसाळे गेले की पॅडचं काळं आवरण सोलायला लागतं आणि कानामागे काळे कण दिसतात. लोक म्हणतात, घामाने गेलं. घाम भर घालतो, पण ते आवरण पॉलियुरेथेन नावाच्या प्लॅस्टिकचं असतं आणि हवेतली ओल व उष्णता त्याचं रसायनच हळूहळू तोडतात. म्हणून खोक्यात न वापरता ठेवलेला हेडफोनही सोलतो, आणि गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं की 'मी वापरलाच नाय'. वापरला नाही हे खरं, पण कोकणातल्या कपाटात होता ना.

तेल, क्रीम लावून साल थांबत नाही. पॅड बदला. कपचा आकार, लांबी-रुंदी आणि जुन्या पॅडची जाडी मोजून घ्या. जाडी बदलली की कान आणि स्पीकरमधलं अंतर बदलतं आणि आवाजही बदलतो. कापडी पॅड सोलत नाहीत आणि उकाड्यात बरे वाटतात, पण त्यांतून हवा निसटते म्हणून बास थोडा उतरतो आणि भिजले की सुकायला वेळ लागतो. घरात बसून ऐकणाऱ्याने कापडी घ्यावेत असं माझं मत. जिममध्ये वापरणाऱ्याने ओव्हरइअर या हवेत वापरूच नये असंही माझं मत आहे, पण ते कुणी ऐकत नाही. पॅडमधल्या फोमला कुबट वास आला किंवा पांढरी बुरशी दिसली तर फोम धुवत बसू नका, टाकून द्या.

पुढचा घेताना

ज्यांचा नग खरोखर गेला आहे ते इथेच विचारतात, 'मग कुठला घेऊ?' मी नाव सांगत नाही, कसा बघायचा ते सांगतो.

आवाज दुकानातल्या डेमो गाण्यावर ठरवू नका. ती गाणी बास दणदणीत वाटावा म्हणूनच निवडलेली असतात. आपल्या फोनमध्ये एखादं चांगलं रेकॉर्ड झालेलं भजन ठेवा, पूर्ण ओळखीचं. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूची थाप गोल, सुटी ऐकू यायला हवी. ती नुसती घुमली आणि पेटीवर सांडली तर बास फुगवलेला आहे. बुवांचा शब्द स्पष्ट हवा. झांज वाजली की खणखणीत हवी, पण कान चावता कामा नये. चावली तर अर्ध्या तासाने डोकं दुखणार. आणि दोन हेडफोन ताडून बघताना दोघांचा आवाज कानाला सारखा वाटेल असा लावून घ्या, कारण जरासा मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो आणि विकणाऱ्याला हे ठाऊक असतं. शेवटी आवाज अगदी हळू करून ऐका. हळू आवाजातही शब्द तुटत नसतील तर तो नग बरा. खोक्यावरचं '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' आणि ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर (आतला स्पीकर) या आकड्यांना भुलू नका. त्या पट्ट्यात आवाज किती वर-खाली होतो हे लिहिलेलं नसेल तर पहिल्याला अर्थ नाही, आणि मोठा ड्रायव्हर म्हणजे चांगला ड्रायव्हर असं काही नाही.

नॉइज कॅन्सलेशनसाठी जादा पैसे मोजायचे का? कोकण रेल्वेने वरचेवर जा-ये असेल तर हो. डब्याचा, पंख्यांचा एकसुरी खर्ज ते छान कापतं. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा संपेपर्यंत फरक कळतो. शेजारच्या सीटवरच्या गप्पा मात्र त्याने फारशा थांबत नाहीत. घरी बसून ऐकणाऱ्याने ते पैसे चांगल्या पॅडवर घालावेत.

सोय म्हणजे गादी मऊ आहे का एवढंच नव्हे. डोक्यावर घालून, चष्म्यासकट, दुकानात वीसेक मिनिटं काढा. तोवर दुकानदाराशी गप्पा मारा. कानशिलावर दाब जाणवायला लागला तर घरी तो वाढेल, कमी होणार नाही. बडच्या बाबतीत खोक्यात तीन मापांच्या टिपा येतात, दोन्ही कानांना एकच माप लागेल असं धरू नका.

आणि टिकाऊपणा. आपल्या हवेत मी सगळ्यांत आधी हेच बघतो आणि आवाज त्याच्यानंतर, मग कुणी नाकं मुरडली तरी चालतील. पॅड हाताने निघतात का आणि सुटे मिळतात का? वायर दोन्ही टोकांना सुटी होते का? होत असेल तर वायर तुटल्यावर माझ्याकडे यायचीही गरज नाही. डोक्यावरची पट्टी आणि कपाचा सांधा स्क्रूने जोडलेला आहे की नुसता गोंदाने? बिजागरी प्लॅस्टिकची असेल तर उघड-मीट करून कुरकुर ऐका. दोन्ही प्रकारे चालणारा, वायरनेही ब्लूटूथनेही, असा ओव्हरइअर असेल तर बॅटरी थकल्यावर तो निदान वायरने वाजतो. ईअरबडची बॅटरी सहसा बदलण्याजोगी बांधलेलीच नसते, दोन-तीन वर्षांत ती उतरते हे गृहीत धरूनच किंमत ठरवा. म्हणून बडवर फार पैसे घालू नका आणि घालायचेच तर केसलाही आयपी रेटिंग असलेले बघा.

दुरुस्ती कधी सोडून द्यायची

सफाई झाली, सुकवणं झालं, रीसेट झालं, तरी बड चार्जच धरत नसेल तर त्याचं आयुष्य संपलं. एकच बड सुटा मिळतो का ते कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा, काही मॉडेलना मिळतो. वायरच्या हेडफोनला नवीन जॅक एकदा लावावा, फार तर दोनदा. त्यानंतर वायरच बदला. स्पीकरच्या गुंडाळीत मीठ गेलं असेल, म्हणजे मल्टिमीटरवर आकडाच येत नाही आणि 'टक'ही वाजत नाही, तर स्वस्तातल्या नगाला हात लावण्यात अर्थ नाही.

केसचं झाकण अलीकडे नीट बसत नाही, तळ किंचित वर आल्यासारखा वाटतो किंवा बडच्या शिवणीत फट दिसते, असं असेल तर आतली बॅटरी फुगलेली आहे. तो नग त्याच क्षणी चार्जिंगवरून काढा, दाबून बसवू नका, टोचू नका आणि कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कोरड्या पत्र्याच्या डब्यात, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा जवळच्या रिपेअरिंगच्या दुकानात द्या. आम्ही ते वेगळे जमा करतो.